मुलीचे पहिले बाळंतपण परदेशातील सेवाक्षेत्रात, तेही वादळांच्या ऋतूत: काय ठरवावे?

प्रश्न: फोंड्याची आई

सर्वांना सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे मिरजेकडचे. यजमानांच्या नोकरीमुळे पस्तीस वर्षांपूर्वी फोंड्याला आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, बाजारात कोंकणी आणि रविवारी चर्चच्या मंडळीत पुन्हा मराठी, असे आमचे आयुष्य गेले. आमची एकुलती एक मुलगी आणि जावई गेली चार वर्षे मोझांबिकमध्ये, झांबेझिया प्रांतातल्या एका खेड्यात मिशनरी म्हणून सेवा करीत आहेत. जावई मंडळीचे काम पाहतात आणि मुलगी तिथल्या लहानशा दवाखान्यात परिचारिका आहे. जवळचे मोठे शहर म्हणजे केलिमाने. पावसाळ्यात तिथपर्यंतचा रस्ता अधूनमधून पाण्याखाली जातो.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलीला दिवस गेले आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस बाळ येईल. त्याच महिन्यात यजमानांना सत्तर वर्षे पूर्ण होतात आणि त्या निमित्ताने मंडळीत उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवण्याचे आम्ही वर्षभरापूर्वीच ठरवले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपली रीत; बाळंतविडा मी केव्हाच शिवून ठेवला आहे. परंतु मुलीचे म्हणणे असे की, जानेवारी ते मार्च हेच तिथले वादळांचे आणि पुराचे दिवस, नेमक्या याच दिवसांत दवाखान्यात माणसांची रीघ लागते, आणि ज्या बायकांची बाळंतपणे ती स्वतः करते त्यांना सोडून ती आपल्या बाळंतपणासाठी विमानात बसू शकत नाही. तिच्या बोलण्यात हट्ट नाही, हे मला कळते. तरीही रात्री झोप लागत नाही.

माझ्या भीतीला एक कारण आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या भागात झाडे पडून चार दिवस वीज नव्हती आणि फोनही बंद पडले. आम्ही घरात सुखरूप होतो, पण तिकडे मुलीने ते चार दिवस कसे काढले, हे तिने पुढे वर्षभराने सांगितले. आता तीच पाळी आमच्यावर येणार असेल, तर आम्ही काय करावे? मुलीला आग्रहाने बोलावून घ्यावे, की मी तिकडे जावे? सत्तरीची प्रार्थना ठरल्या दिवशी करावी, की पुढे ढकलावी? ज्यांची मुले अशा सेवेत आहेत, किंवा ज्यांनी स्वतः असे दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: म्हापशाची परिचारिका

काकू, आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबले, कारण यावर घाईने लिहिणे मला बरे वाटेना. मी आणि माझे पती 2015 ते 2020 मोझांबिकमधील बेइरा शहराजवळ एका मिशनच्या कामावर होतो. आमची धाकटी मुलगी तिथेच जन्मली. ती पाच महिन्यांची असताना तिचा बाप्तिस्मा रविवार, 17 मार्च 2019 रोजी ठरला होता. इकडे म्हापशात माझ्या सासूबाईंनी त्याच दिवशी घरी प्रार्थना ठेवली होती, नेवऱ्या आणि दोदोल हे गोड पदार्थ सांगून ठेवले होते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आमंत्रणे दिली होती. गुरुवारी, 14 मार्चच्या रात्री, इदाई चक्रीवादळ बेइराजवळ किनाऱ्यावर आले.

त्या रात्रीचे सगळे वर्णन मी करीत नाही. छपराचा पत्रा उडाल्यावर आम्ही चौघे न्हाणीघरात बसून राहिलो, कारण घरात स्लॅब असलेली तेवढीच जागा होती. सकाळी बाहेर पाहिले तर ओळखीची एकही खूण जागेवर नव्हती. शहराला देशाच्या आतल्या भागाशी जोडणारा महामार्ग तुटला होता, वीज नव्हती आणि फोन पूर्ण बंद होते. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी मिळून एक हजाराहून अधिक माणसे त्या वादळात आणि पुरात गेली. आम्ही जिवंत होतो, पण हे घरी कळवण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नव्हता. आठव्या दिवशी मदतपथकातील एका माणसाच्या उपग्रह-फोनवरून आम्ही एकच वाक्य पाठवू शकलो: चौघे सुखरूप आहोत.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या आठ दिवसांत आम्हाला जेवढा त्रास झाला, त्याहून जास्त सासूबाईंना झाला. आमच्यापुढे कामे होती: पाणी उकळणे, जखमा धुणे, लोकांना शाळेच्या इमारतीत हलवणे. त्यांच्यापुढे फक्त न वाजणारा फोन होता. सुजाता, शार्दूल आणि सारथी ही भारतीय जहाजे मदतीसाठी बेइराला पोहोचल्याची बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि प्रत्येक चित्रात त्या आम्हाला शोधत राहिल्या. त्यातच ज्या कार्यालयाकडून आमची खबर मिळायला हवी होती, तिथून एकदा ‘संपर्क झाला’ आणि दुसऱ्या दिवशी ‘झाला नाही’ असे सांगण्यात आले. फोन आठवडाभर बंद राहू शकतात आणि त्याचा अर्थ आम्ही गेलो असा होत नाही, एवढे वाक्य आम्ही आधी सांगून ठेवले असते, तर त्यांचे ते दिवस निम्म्याने हलके झाले असते. तो दोष आमचा होता आणि मला तो अजून बोचतो. सासूबाईंना मधुमेह होता आणि त्या आठवड्यात त्यांनी जेवण जवळजवळ टाकले होते.

म्हणून, काकू, जावे की बोलवावे हे ठरवण्याआधी मुलीशी बोला आणि संपर्क तुटला तर त्या न बोलण्याचा अर्थ काय समजायचा, हे ठरवून घ्या. वादळ येणार असे कळले की तिने ‘आता फोन लागणार नाही’ असा निरोप पाठवायचा आणि त्यानंतर किती दिवस वाट पाहायची, हे दोन्हीकडे लिहून ठेवायचे. आम्ही पुढे दहा दिवस ठरवले होते. दहा दिवसांच्या आत तुम्ही कोणालाही फोन करायचा नाही आणि दहा दिवसांनंतर कोणाला करायचा, त्या तीन माणसांची नावे आणि क्रमांक तुमच्या भिंतीवर लावलेले असायला हवेत. त्यांपैकी एक माणूस त्या प्रांताबाहेर, शक्यतो राजधानी मापुतोत राहणारा असावा.

बाळंतपणाविषयी परिचारिका म्हणून सांगते. मुलीने तिथे राहायचे ठरवले तर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तिने खेडे सोडून केलिमाने शहरात येऊन राहावे. तिथे मध्यवर्ती रुग्णालय आहे, शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय खेड्यापेक्षा नक्कीच बरी आहे, आणि रस्ता बुडाला तरी ती बुडालेल्या रस्त्याच्या योग्य बाजूला असेल. दुसऱ्यांची बाळंतपणे करणारी बाई स्वतःच्या वेळी अंदाजात चुकते, हे मी माझ्यावरूनच सांगते. त्या भागात हिवताप मोठ्या प्रमाणावर आहे आणि गरोदरपणात तो आई व बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. पूर ओसरल्यावर डासही वाढतात आणि पटकीही (कॉलरा) येते. इदाईनंतर बेइरात पटकीची साथ आली होती आणि लाखो लोकांना तोंडावाटे लस द्यावी लागली. औषध लावलेली मच्छरदाणी आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या यांची आठवण तिला कोणी करून देण्याची गरज नाही, पण तिच्या यजमानांना जरूर करून द्या, कारण त्या दिवसांत घर तेच चालवतील.

बाप्तिस्म्याचे काय झाले, हे राहिले. तो ईस्टरच्या दिवशी, 21 एप्रिलला झाला. चर्चला छप्पर नव्हते, ताडपत्री बांधली होती, आणि ज्या बायका महिनाभर शाळेच्या फरशीवर झोपल्या होत्या त्यांनी तिथल्या सेना भाषेत गाणी म्हटली. म्हापशात सासूबाईंनी त्याच दिवशी पुन्हा नेवऱ्या केल्या. 17 मार्च ही तारीख आमच्या घरात आता कोणालाही आठवत नाही.

उत्तर: मुरगावचा दर्यावर्दी

ताई, मी एकतीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली आणि मोझांबिकच्या सामुद्रधुनीतून अनेकदा गेलो आहे. धर्माने मी हिंदू, मिशनच्या कामाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु वादळाविषयी थोडे सांगू शकतो.

आपल्याकडे अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दक्षिण गोलार्धात त्यांचा ऋतू नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि जानेवारी ते मार्च हा त्यातला भर असतो. वारे आपल्या उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्या समुद्रावरचे अधिकृत अंदाज रियुनियन बेटावरील केंद्रातून निघतात. तुम्ही पाहायचेच असेल तर तेच अंदाज पाहा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रफिती पाहूच नका. फ्रेडी नावाचे वादळ फेब्रुवारी 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ जन्मले, संपूर्ण हिंदी महासागर ओलांडून 24 फेब्रुवारीला मोझांबिकमध्ये शिरले, पुन्हा समुद्रात गेले आणि 11 मार्चला केलिमानेच्याच भागात दुसऱ्यांदा धडकले. एकदा गेलेले वादळ परत येऊ शकते, ही गोष्ट तुमच्या जावयांना ठाऊक असेलच. तुम्हालाही ठाऊक असावी, म्हणजे पहिल्या ‘सुखरूप’नंतर पुन्हा संपर्क तुटला तर तुम्ही गोंधळणार नाही.

आणखी एक गोष्ट तिथे नव्याने आलेल्या माणसाला जरूर सांगावी. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो, आकाशही उघडते आणि लोक घराबाहेर येतात. तो शेवट नसतो. काही वेळाने वारा विरुद्ध दिशेने सुटतो आणि पहिल्या वाऱ्याने खिळखिळे केलेले छप्पर दुसरा वारा नेतो. तसेच, केलिमाने हे नदीकाठचे सखल शहर आहे. वादळ कोणत्या तिथीला येते, हे तिथे महत्त्वाचे ठरते: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आले तर पाणी फार आत शिरते, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत आले तर तुलनेने कमी. आपल्या मुरगाव बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला ओढतात, तसे तिकडेही गावोगावच्या समित्या रंगीत झेंडे लावून लोकांना सावध करतात. इशारा न मिळाल्याने जाणारे जीव आता कमी झाले आहेत. इशारा मिळूनही घर सोडवत नाही म्हणून जाणारे अजून आहेत. तुमची मुलगी रुग्णांना सोडून लवकर हलणार नाही, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तिच्याकडून वचन घ्यायचे असेल तर गोव्याला येण्याचे घेऊ नका, लाल झेंडा लागला की पक्क्या इमारतीत जाण्याचे घ्या.

केलिमानेचे नाव वाचून एक गोष्ट आठवली. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिका आडवी पार करून मे 1856 मध्ये याच गावी समुद्राला येऊन पोहोचला. सहा वर्षांनी त्याची पत्नी मेरी झांबेझीच्या काठी, शुपांगा येथे तापाने वारली आणि तिथेच पुरली गेली. पुढे 1864 साली तो एका लहानशा आगबोटीतून झांझिबारहून मुंबईला आला, तोही जूनमध्ये, मोसमी पाऊस अगदी तोंडावर असताना. दर्यावर्दी म्हणून मला त्या धाडसाचे कौतुक वाटते. परंतु त्यानंतर घरी पोहोचल्यावर त्याने आपली पाच वर्षांची धाकटी मुलगी पहिल्यांदा पाहिली, हे वाचले तेव्हा मला माझा मोठा मुलगा आठवला. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो सात महिन्यांचा होता आणि माझ्याकडे येईना. तुमच्या जावयांना एवढे सांगा की, बाळ येईल त्या आठवड्यात दुसरे कोणतेही काम त्यांनी स्वीकारू नये.

उत्तर: पणजीतील वकील

थोडक्यात एक कायदेशीर बाब लिहितो, कारण आनंदाच्या आणि वादळाच्या गडबडीत ती राहून जाते. मुलगी आणि जावई दोघेही भारतीय नागरिक आहेत असे गृहीत धरतो. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी जन्मानंतर एक वर्षाच्या आत त्याची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि त्यात बराच काळ जातो. आपली वकिलात मापुतोत आहे, म्हणजे केलिमानेपासून फार दूर. पुरामुळे रस्ते महिना-दोन महिने बंद राहू शकतात, हे लक्षात घेऊन स्थानिक जन्मदाखला मिळाल्याबरोबर अर्ज करावा. गोव्यात अनेक कुटुंबांकडे पोर्तुगीज कागदपत्रेही असतात. आपल्या जावयांच्या घरी तसे काही असेल तर बाळाची कोणतीही नोंद करण्यापूर्वी सल्ला घ्यावा. सर्व कागदांची एक प्रत हवाबंद पिशवीत आणि एक तुमच्याकडे फोंड्याला असावी.

उत्तर: रायची शिक्षिका

वरील सर्व सूचना मला पटल्या. मी दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात मराठी शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझे म्हणणे सत्तरीच्या प्रार्थनेविषयी आणि पत्रांविषयी आहे.

माझ्या घरापासून जवळच राशोलची जुनी सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा आहे. तिथे 1616 साली ज्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, ते फादर थॉमस स्टीफन्स हे मुळात इंग्लंडमधून परदेशी आलेले मिशनरीच होते. आपण त्यांना आपल्या भाषेचे कवी म्हणून ओळखतो. ते कोणाचे तरी दूर गेलेले मूलही होते, हे विसरतो. ते 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. पोहोचल्यावर अडीच आठवड्यांनी, 10 नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र आज उपलब्ध आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वादळ लागले नाही, पण प्रचंड लाटांनी जहाज जमिनीच्या इतके जवळ ढकलले की सर्वांनी आशा सोडली होती, हे त्यांनी वडिलांपासून लपवले नाही. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, हेही लिहिले. आणि त्याच पत्रात, जहाजावर लहान मुलेही होती व ती समुद्रात मोठ्या पुरुषांपेक्षा चांगला टिकाव धरतात, असेही लिहिले आहे. हे वाक्य मी वर्गात नेहमी सांगत असे. काकू, तुमच्यासाठीही ते मुद्दाम लिहीत आहे.

ते पत्र जहाजाने लंडनला पोहोचेपर्यंत त्या वडिलांना मुलगा जिवंत आहे की नाही, हे कळण्याचा काहीही मार्ग नव्हता. मुलगा पुढे चाळीस वर्षे गोव्यातच राहिला आणि 1619 साली इथेच वारला. म्हापशाच्या ताईंनी जे ‘न बोलण्याचा अर्थ ठरवणे’ म्हटले आहे, ते त्या काळी प्रत्येक घराला करावेच लागे. आपल्याला फोनने त्याची सवय मोडली आहे. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, मुलीने बाळ येण्याच्या महिन्यात रोज चार ओळी वहीत लिहाव्यात, आणि तुम्ही व यजमानांनीही इकडे लिहाव्यात. संपर्क तुटला तर ते दिवस कोरे जाणार नाहीत. वही हाती येईल तेव्हा ते मिळतील. फोनवर आपण ‘सगळे ठीक आहे ना’ एवढेच विचारतो. बाळाने पहिल्यांदा कूस कधी बदलली, त्या रात्री पाऊस किती होता, कोणी भाकरी आणून दिली, हे पत्रातच येते.

सत्तरीची प्रार्थना मात्र ठरल्या दिवशी करा, असे माझे स्पष्ट मत आहे. सत्तर वर्षे पूर्ण होणे हे उपकारस्तुतीचेच कारण आहे आणि त्यासाठी मुलीचा फोन लागण्याची अट घालणे तिच्यावरही अन्याय आहे. ती तिकडे आपल्यामुळे कार्य अडले म्हणून अपराधी होऊन बसेल.

फोंड्याची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी सर्व उत्तरे छापून घेतली आणि यजमानांना वाचून दाखवली. काल मुलीशी आणि जावयांशी तासभर बोलणे झाले. ती गोव्याला येणार नाही. हे ऐकताना मला रडू आले, पण या वेळी मी तिला थांबवले नाही आणि तिनेही मला थांबवले नाही.

मुलगी 1 फेब्रुवारीपासून केलिमाने शहरात, मंडळीतल्या एका शिक्षक कुटुंबाकडे राहील आणि जावई पंधरा तारखेपासून तिच्याजवळ असतील. त्यांच्या जागी दुसरे पाळक (पाद्री) महिनाभर खेड्यातले काम पाहणार आहेत. मी वादळाच्या ऋतूत जाणार नाही, कारण तिथे आणखी एका म्हाताऱ्या माणसाची काळजी वाढवणे बरे नाही, हे तिने सांगितले आणि मला पटले. मी मेमध्ये जाईन, तेव्हा बाळ तिसऱ्या महिन्यात असेल, आणि बाप्तिस्मा मी गेल्यावरच ठेवायचा असे जावयांनी स्वतःहून म्हटले.

न बोलण्याचे आम्ही नऊ दिवस ठरवले आहेत. दहा दिवस यजमानांना जास्त वाटले, सात दिवस मुलीला कमी वाटले. मापुतोतील एका डॉक्टर बाईंचा क्रमांक आणि केलिमानेतील दोघांचे क्रमांक मी प्रार्थनेच्या खोलीत, कॅलेंडरच्या शेजारी लावले आहेत. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे आहे, हेही त्याखाली लिहिले आहे, म्हणजे घाबरून मध्यरात्री कोणाला उठवणे होणार नाही. लाल झेंड्याचे वचन मुलीने लगेच दिले नाही. रुग्णांना आधी हलवून मग जाईन, असे म्हणाली. त्यावर जावई म्हणाले की, रुग्णांबरोबरच तिलाही हलवीन. त्यावर आम्ही थांबलो.

सत्तरीची प्रार्थना ठरल्या दिवशीच होईल. बाळंतविडा मात्र मी आता दोन भागांत केला आहे. अर्धी आंगडी-टोपडी आणि एक दुपटे डिसेंबरमध्ये मुंबईहून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर पाठवणार आहे. उरलेली मी मेमध्ये स्वतः नेईन, तीही तिसऱ्या महिन्याच्या मापाने पुन्हा शिवून. रायच्या बाईंनी सांगितलेली वही आणली आहे. पहिल्या चार ओळी यजमानांनी लिहिल्या आणि त्या मला अजून दाखवलेल्या नाहीत.